गफ्फारनं पाडलेला पुंजाराम

जिंकणाऱ्याच्या नावाचा डंका पिटायला गावोगाव माणसे मिळतात. हरलेल्याचे नाव त्याच्या घरचेही विसरू पाहतात. पण वलगावात एक माणूस असा होऊन गेला की तो हरला म्हणूनच त्याची मान ताठ होती, आणि त्याच्यामुळे गावाचीही. त्याचे नाव पुंजाराम गोहत्रे.

पुंजाराम कास्तकार होता. पेढी नदीच्या अंगाला त्याचे काळेभोर रान होते, दारात बैल होते, घरात मैनाबाई होती. यापेक्षा जास्त तर गावात कितीतरी जणांकडे होते. पण वलगावचा माणूस अमरावतीच्या बाजारात उभा राहिला आणि कोणी गाव विचारले, तर विचारणारा लगेच म्हणे, "म्हंजे गफ्फारनं पाडलेल्या पुंजारामच्या गावचे." आणि वलगावकर मिशीवरून हात फिरवून म्हणे, "हो जी. त्याच गावचे."

ती कुस्ती मोगलाईतली. वऱ्हाडावर तेव्हा निजामाचा अंमल होता. बाळापूरचा अब्दुल गफ्फार जातीने विणकर. मागावर पगड्यांचे कापड विणता विणता त्याच्या हातांना अशी पकड आली होती की धरलेला माणूस आणि ताणलेले सूत त्याला सारखेच. जालन्यापासून नागपूरपर्यंत त्याला पाडणारा निघाला नाही. तो कौंडण्यपूरच्या जत्रेत आला तेव्हा पुंजाराम नुकता मिसरूड फुटलेला, आसपासच्या गावांचे सगळे गडी पाडून बसलेला. मूग काढून रिकाम्या झालेल्या शेतात, पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या काळ्या जमिनीवर दोघे भिडले. ऊन डोक्यावर होते. पुंजाराम पडला तेव्हा माणसांच्या सावल्या वर्धा नदीच्या पाण्याकडे लांब झाल्या होत्या.

पडताना त्याच्या गळ्याखालचे हाड मोडले. गफ्फारने स्वतःची पगडी सोडून ते बांधले. बांधता बांधता म्हणाला, "तू देर तक रुका रे. मेरे सामने इतनी देर कोई नहीं रुका."

हाड जुळले, पण उंचवटा राहिला. आणि ते वाक्य राहिले. त्या एका वाक्यावर पुंजाराम जन्मभर जगला. दुष्काळ आला, बैल मेले, एक लेकरू गेले. पण सगळ्यांत मोठ्या माणसासमोर आपण सगळ्यांत जास्त टिकलो, हे त्याच्याकडून कोणी नेऊ शकले नाही. मैनाबाई चिडली की म्हणे, "पडलेच तं होते. जिंकले असते तं आमाले घरात राहू तरी दिलं असतं काय?" पुंजाराम हसे आणि खांद्यावरचा शेला सारून तो उंचवटा उन्हाला दाखवी.

गफ्फार म्हातारा झाला तेव्हा त्याने आपला लंगोट बाळापूरच्या आखाड्यातल्या निंबाला टांगला. जुन्या पहिलवानांची ती रीतच होती. लंगोट टांगला म्हणजे जगाला आव्हान. पण गफ्फारने त्याला एक अट जोडली. नुसती कुस्त्यांची दंगल जिंकून लंगोट उतरवता येणार नाही. जो माझ्याशी लढून माझ्या हाताखालून गेला आहे, त्याने नव्या गड्याचा हात अंगावर घेऊन, त्याच्याशी स्वतः भिडून, सांगावे की हा गफ्फारपेक्षा भारी. मगच उतरवा. गफ्फार गेला. त्याच्या हाताखालून गेलेले गडीही एकेक करून गेले. उरला एकटा पुंजाराम.

मग कापसाचे दिवस आले.

सात समुद्रांपलीकडे भाऊ भावाशी लढायला उठला, आणि त्याचे सोने इकडे वऱ्हाडात पडले. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून त्या वऱ्हाडचा घेऊ लागल्या. काल ज्याला घोंगडी नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगेचे शेपूट दिसत नसे. त्या बाजारात सरकी काढलेल्या कापसाचे, रुईचे, बोजे उचलायला अकोल्याकडचा एक गडी आला. जानराव त्याचे नाव. दोघांनी धरून चढवायचा बोजा तो एकटा पाठीवर घेई आणि गाडीत असा ठेवी की चाक करकरत नसे. वलगावच्या वामनराव पाटलांनी त्याला हेरले, गावात आणले, दूधबदाम लावले. आणि जानराव जिंकत सुटला. अचलपूर, अकोट, कारंजा; जिथे दंगल तिथे जानराव, आणि त्याच्यासमोरचा आभाळाकडे तोंड करून.

तेव्हापासून गावात एकच वाद. मोगलाईतला गफ्फार मोठा की आताचा जानराव मोठा?

मारुतीच्या पारावर रोज जुंपे. पुंजारामच्या वयाचा नत्थुजी जुन्या बाजूचा वकील. तो म्हणे, "त्या वक्ताचे गडी ताक अन् जवारीची भाकर खाऊन लढे. हे बदाम खाऊन लढून राह्यले. याच्यात काय मर्दुमकी?"

तरण्यांपैकी एक जण म्हणे, "माहा बैल तं निरा कडबाच खाते, नत्थुबुवा. बांधू काय त्याले लंगोट?"

"हास बे, हास. तुह्या बापानं गफ्फार पाह्यला असता तं तू असा बारका निपजला नसता."

पार हसून लोळे. पुंजाराम मात्र वादात तोंड घालत नसे. तोंड कशाला घालावे? त्याच्या गळ्याखालचे हाडच साक्ष देत होते. पण अलीकडे घरी जाताना त्याची पावले जड पडत. गफ्फारपेक्षा मोठा कोणी निघाला, तर आपण कोणासमोर टिकलो? दुसऱ्या नंबरच्या माणसासमोर. ही गोष्ट त्याने मैनाबाईलाही बोलून दाखवली नव्हती.

फाल्गुनात वामनराव पाटलांनी वलगावात दंगल भरवली. पाटील मनाने चांगले, पण कापसाच्या पैशाने डोक्यात हवा गेली होती. आखाड्याच्या मातीत लोक तेल घालतात, हळद घालतात, ताक ओततात. पाटील म्हणाले, "हे तं कोनीबी घालते. मी रुई घालीन." आणि खरोखरच त्यांनी हौद्यात खाली पिंजलेली रुई अंथरली आणि वर माती पसरली. वऱ्हाडातल्या पहिलवानाच्या पाठीला आता खडा लागणार नाही, हा त्यांचा अभिमान.

झाले असे की पहिल्याच जोडीत गड्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतले. दुसऱ्या जोडीत खालची रुई वर आली. तेलाच्या अंगांना ती अशी चिकटली की पहिलवान कोंबडीच्या पिलांसारखे दिसू लागले. हलगी वाजवणाऱ्याला हसू आवरेना, त्याचा ठेका चुकला. नत्थुजी मोठ्याने म्हणाला, "कुस्ती पाहाले बलावलं पाटील, अन् हे गादीवर झोपून राह्यले."

तशा गादीवरही जानरावने सगळे गडी पाडले. शेवटचा गडी पाडून तो उठला तेव्हा भुवयांवर रुई होती, आणि तो कोणाकडे न पाहता खाली पडलेल्या गड्याच्या कानातली रुई काढत होता. ते पुंजारामने पाहिले. माणूस चांगला आहे, हे त्याच्या मनात आले, आणि आले ते बरे वाटले नाही.

पाटील उभे राहिले. "पुंजारामबुवा, आता तुमच्याच तोंडाची गोष्ट राह्यली. जानरावचा हात अंगावर घ्या अन् सांगून टाका. बाळापूरचा लंगोट वलगावले येऊ द्या."

सगळ्या दंगलीचे डोळे पुंजारामवर आले. इतकी माणसे एकदम त्याच्याकडे पाहत होती ती कौंडण्यपूरनंतर आजच. तो उठला, शेला कमरेला बांधला, हौद्याच्या काठाशी आला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरून पाहिली.

"इथी नाई," तो म्हणाला. "गफ्फार माह्याशी काळीत लढला. याले जोखाचा असन तं काळीतच जोखीन. गादीवर मले मैनाबाईबी पाडते."

मैनाबाई बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला, पण तिचे डोळे हसत नव्हते. लोक शेताकडे वळले तशी ती आडवी आली. "या वयात काय लावलं हे? हाड मोडलं तं मी कोनाच्या पगडीनं बांधू?"

"नाई मोडत."

"अन् तो भारी निघाला तं?"

पुंजाराम थांबला. आपण जे कधी बोललो नाही ते हिला कधीपासून माहीत होते, कोण जाणे. "तं तसं सांगा लागन," तो म्हणाला.

कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळे झालेले शेत होते. उन्हाने जमीन फाटली होती, ढेकळे पायाला टोचत होती. जानराव समोर आला. त्याने वाकून आधी पुंजारामच्या पायाला हात लावला, मग मातीला.

"बुवा, तुमाले लागन."

"लागू दे. पन हात राखू नको. राखला तं मले समजन, अन् मंग मी जल्मभर तुह्याशी बोलणार नाई."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्या शेतात फक्त पुंजारामला माहीत होती. साठीचा माणूस तरण्या पहिलवानाची ताकद काय जोखणार? ताकद जोखायचीच नव्हती. कौंडण्यपूरला गफ्फारने त्याला खाली दाबून धरले होते तेव्हा पुंजारामला त्या पकडीत एक फट सापडली होती. गफ्फार श्वास बदलताना त्याचे डावे मनगट क्षणभर सैल पडे. पापणी लवावी इतकेच. त्या फटीतून पुंजाराम दर वेळी निसटला, पुन्हा धरला गेला, पुन्हा निसटला. त्याची ती लांबलचक दुपार त्या फटीत मावली होती. फट शोधायला जोर लागत नाही, अंगाची आठवण लागते. आणि पुंजारामचे अंग काही विसरले नव्हते.

जानरावने त्याला धरले, खाली घेतले, वरून दाबले. ढेकूळ पुंजारामच्या गालाखाली फुटले. त्याने डोळे मिटले आणि डाव्या बाजूला वाट पाहिली. श्वास आला. श्वास गेला. मनगट तसेच. त्याने उजवीकडे चाचपले. कमरेशी चाचपले. जसे पाणी घागरीत सगळीकडे सारखे टेकते, तसा जानराव त्याच्यावर सगळीकडून सारखा टेकला होता. कुठे दुखत नव्हते, आणि कुठून वाट नव्हती.

पुंजारामला कळून चुकले. त्या दिवशी कौंडण्यपूरला हा असता, तर आपण एक भाकर शेकेपर्यंतही टिकलो नसतो.

जानरावने त्याला पाठीवर वळवले. वळवताना एक हात मानेखाली ठेवला, त्यामुळे डोके ढेकळावर आपटले नाही. पुंजारामने खालून आभाळ पाहिले. एक घार फिरत होती.

"बोला बुवा," पाटील वरून म्हणाले.

पुंजाराम उठून बसला. कपाळाची काळी माती पुसली. "सांगीन. पन बाळापुरात. ज्याच्या बापाचा लंगोट हाये, त्याच्या तोंडावर."

कापसाच्या गाड्या खामगावला निघाल्याच होत्या आणि वाट बाळापूरवरूनच जाते. पुंजाराम आणि जानराव एका गाडीवर बोज्यांच्या उंचीवर बसले. पाटील मागच्या छकड्यात, गुलाल आधीच घेतलेला. अकोल्याजवळ आगगाडीच्या लोखंडी रस्त्याचा भराव घालणे चालू होते, टोपल्यांची रांग मुंग्यांसारखी. लोक गाड्या थांबवून पाहत. जानराव पाहत नव्हता. इतक्या वाटेत त्याने एकदाही विचारले नाही की बुवा, तुम्ही काय सांगणार. त्याने वेगळेच विचारले.

"गफ्फार पहेलवान चालत कसे होते जी?"

"काहून?"

"असंच. मानूस चालते तसा लढते."

पुंजारामने आठवून आठवून सांगितले. गफ्फार टाच आधी टेकायचा. जेवायला बसला की पहिला घास कुत्र्याला टाकायचा. पाडलेल्या गड्याला कधी हसला नाही. जानराव ऐकत राहिला, आणि मोर्णा नदी ओलांडल्यावर एकदाच म्हणाला, "मले त्यायच्यासंगं लढाले भेटलं असतं तं लय शिकलो असतो."

पुंजारामला वाटले होते की या पोराचा आपल्याला राग येईल. राग येत नव्हता, हेच अवघड होत चालले होते.

बाळापूरचा किल्ला दोन नद्यांच्या मधे उभा आहे. त्याच्या पायथ्याशी मन नदीच्या काठावर गफ्फारचा आखाडा. गफ्फारचा मुलगा रऊफ तिथे राहत होता. चाळिशी ओलांडलेला, दाढीत पांढरे आलेले, बापासारखाच विणकर. पण त्याचे माग थांबले होते. सगळा कापूस विलायतेला जाऊ लागला तसे बाळापूरच्या विणकराला सूत मिळेनासे झाले. ज्या कापसाच्या पैशाने वलगावच्या बैलांची शिंगे मढली, त्यानेच या गल्लीतले माग मुके केले होते.

आखाडा पाहून पुंजारामला चमकल्यासारखे झाले. माती दगडासारखी बसली होती. हौद्याच्या कडेला उदबत्त्यांच्या काड्या होत्या. वर निंबाला लंगोट लोंबत होता, आणि येणारे-जाणारे त्याला हात जोडून पुढे जात होते. शड्डूचा आवाज तिथे कित्येक वर्षांत झाला नसावा.

"आओ चाचा," रऊफ म्हणाला. त्याने पुंजारामला बाजेवर बसवले, गूळपाणी दिले. "आज गाड्या भरून मानसं आणले. काय म्हनते वलगाव?"

"रऊफ, आखाडा असा काहून पडला?"

"कोन उतरन? वर अब्बाचा लंगोट. खाली उतरलं की लोक म्हनते, गफ्फार कुठे अन् हा कुठे. मीबी नाई उतरलो. जवानीत लय वाटे." तो हसला. "चलो, छोडो. किसलिए आए?"

पाटील गुलालाची पुडी घेऊन पुढे झाले. पुंजारामने हाताने त्यांना मागे सारले.

"मी सांगाले आलो. गफ्फारच्या हाताखालून गेलेला मी एकटा उरलो. हा जानराव. मी याच्या हाताखालून गेलो, काळीत." त्याने वर लंगोटाकडे पाहिले. निंबाची पाने हलत होती. "हा तुह्या बापाहून भारी हाये."

गल्लीतली माणसे गोळा झाली होती. त्यांच्यातून कुजबुज उठली. एक म्हातारा म्हणाला, "वलगाववाले तं वलगावचंच म्हननार." रऊफने त्याला हातानेच गप्प केले. त्याचा चेहरा वाचता येत नव्हता.

"कैसे मालूम, चाचा?"

मग पुंजारामने ती फट सांगितली. डावे मनगट, बदलता श्वास, निसटणे, पुन्हा धरले जाणे. "मी लय टिकलो म्हनते लोक. मी नाई टिकलो. तेवढी एक फट होती म्हनून टिकलो. याच्या हातात तशी फट नाई. याच्यापुढं मी कोनीच नाई." हे बोलताना त्याचा हात आपोआप गळ्याखालच्या हाडावर गेला होता.

रऊफ उठला. पुंजारामसमोर येऊन उकिडवा बसला.

"अब्बाचा तो हात लहानपणी मागात अडकून मोडला होता," तो म्हणाला. "आमच्या घराबाहेर कोनाले माहीत नाई. अब्बा अम्मीले सांगत, माह्या डाव्या हातात चोरवाट हाये, पन ती शोधाले मानूस पाह्यजे. एकच मिळाला, म्हनत. कौंडण्यपूरले. मले लहानपणी वाटे, अब्बा गोष्ट करते." त्याने पुंजारामचा हात हाडावरून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला. "चाचा, तुमी गोष्ट नाई."

जानराव मान खाली घालून उभा होता. पाटलांच्या हातातली गुलालाची पुडी हातातच राहिली.

रऊफने बाज निंबाखाली ओढली, वर चढला आणि स्वतःच्या हाताने लंगोट उतरवला. जानरावच्या हातात देताना म्हणाला, "बाप का है. संभालके." जानरावने तो कपाळाला लावला.

पाटील मोकळ्या आवाजात म्हणाले, "चला आता, वलगावले छकडा फिरवा."

"थांबा पाटील," रऊफ म्हणाला. तो रिकाम्या फांदीकडे पाहत होता. मग त्याने अंगरखा काढला, घडी करून बाजेवर ठेवला, आणि घरातून कुदळ आणली. "माती बसली हाये. जरा खोदा लागन."

जानरावने त्याच्या हातातून कुदळ घेतली. बाळापूरचे दोघेतिघे पुढे आले, कोणी टोपली आणली, कोणी नदीवरून पाणी. दगड झालेली माती फुटू लागली, तसा तिचा जुना तेलकट वास वर आला आणि बघ्यांतले म्हातारे नाक वर करून तो घेऊ लागले.

माती मऊ झाली तेव्हा रऊफ जानरावसमोर उभा राहिला. पोट जरा सुटलेले, दाढी पिकू लागलेली, डोळे मात्र सोळा वर्षांच्या पोराचे.

"एक हात, पहेलवान. पाडाल हे माहीत हाये."

"मंग काहून लढता जी?"

"अबे, बापाच्या आखाड्यात एक डाव तं पडू दे मले."

लोक हसले. जानरावही हसला, दंगलीत तो कधी हसत नसे. पुंजाराम उठला आणि हौद्यात उतरला. एका हातात त्याने रऊफचे मनगट घेतले, एका हातात जानरावचे, आणि जोडी लावणारा फिरवतो तसे दोघांना मातीभोवती फिरवू लागला. रऊफच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "फट शोधू नको. नाई सापडत. तू निरा टिकून राह्य."

मग त्याने दोघांचे हात मिळवून दिले आणि काठावर सरला.